एकच व्यक्ती असल्याबद्दल

गणेश चतुर्थीस पेडणे महालातील तोर्से गावी मामेभावाकडे गेलो असता ओसरीवर त्याची विलायतेहून सुटीसाठी आलेली नात कचेरी-कचेरी खेळत बसली होती, आणि तिच्यासमोरच्या पाटावर, कुंकवाच्या पाण्यात बुडविलेल्या भेंडीचे शिक्के अंगाखांद्यावर वागवीत, माझ्या मामेभावाचा गडद निळा भारतीय पासपोर्ट पडला होता. त्याचा एक कोपरा कात्रीने तिरका उडविलेला होता आणि आतल्या पानावर तो रद्द झाल्याची मोहोर होती. म्हणजे आता त्याचा उपयोग मुलांना खेळण्यापलीकडे काहीच उरला नव्हता. मी पायरी चढू लागताच त्या पोरीने भेंडी उंच धरली आणि मोठ्या अधिकारवाणीने विचारले, "नाव काय?" घरातली सारी माणसे हसली. मलाही हसता आले असते; पण तो प्रश्न त्याच गावाच्या वेशीवर, फार वर्षांपूर्वी, माझ्या आईला विचारण्यात आलेला मी ऐकला होता, आणि त्या वेळी कोणी हसले नव्हते.

मामेभावाचा पासपोर्ट कसा गेला हे गोव्यात कोणास सांगावे लागत नाही. तो 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेला. म्हणजे लिस्बनच्या दृष्टीने जन्मतःच पोर्तुगालचा नागरिक, फक्त तिकडच्या दप्तरी त्याचा जन्म लिहावयाचा राहून गेलेला. गोवा भारताचा झाल्यावरही तेरा वर्षे पोर्तुगालने ती गोष्ट मानली नाही. 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत तह होऊन त्याने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, परंतु जी माणसे आपली म्हणून एकदा नोंदली गेली त्यांच्यावरचा हक्क मात्र त्याने सोडला नाही. मग मुलाला युरोपात नोकरी करता यावी म्हणून बापाने लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आपला जन्म चढवावा, त्याच्या आधारे मुलाने आपला चढवावा, आणि मुलाने पोर्तुगालचा तांबडा पासपोर्ट घेऊन ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडातील स्विंडन गाठावे, हा क्रम घरोघरी चालू झाला. मामेभावाला स्वतःला पोर्तुगाल कोठे आहे हे नकाशावर दाखविता येईल की नाही, याची मला शंका आहे. परंतु 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाला अशा भोळेपणाशी कर्तव्य नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करले की आपले संपले. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची मुभा आपल्या राज्यघटनेने कधीच दिलेली नाही.

आईचे तोर्से आणि आमचे बांदे यांच्यात अंतर ते काय? तिन्हीसांजेला निघालेला माणूस जेवणवेळेला पोहोचावा इतके. मधे पत्रादेवीचा नाका. 1955 च्या ऑगस्टमध्ये तेथे सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी संबंध तोडून हद्द बंद केली, तेव्हा ज्या वाटेने आई डोकीवर फणस घेऊन माहेरी जाई, ती वाट परवान्याची झाली. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आर्थिक नाकेबंदी म्हणून येते, आणि आमच्या घरात आजीच्या आजारपणाचे वर्ष म्हणून.

येथे थोडे विषयांतर घडते आहे, त्यास इलाज नाही. पेडणे हा मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख. 1788 मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादींत मोजला जाऊ लागला. सोयरीक, कुळाचार, देव, नाचणीचे बी, हे सर्व हद्दीच्या दोन्ही बाजूंना होते तसेच राहिले. परवान्याची आवड मात्र पोर्तुगीजांना त्याहूनही जुनी होती. सोळाव्या शतकात हिंदी महासागरातून जाणाऱ्या प्रत्येक गलबताने त्यांच्याकडून 'कार्ताझ' नावाचे दस्तक घ्यावे, नाही तर माल जप्त, असा त्यांचा दंडक होता. अकबराच्या काळी मक्केच्या यात्रेकरूंनाही तो कागद घ्यावा लागे, आणि त्यावर मेरी व येशू यांच्या प्रतिमा असतात म्हणून मौलवींनी आक्षेप घेतला होता. हजची वाट मरियमेच्या चित्राखालून जावी याचा त्यांना जो राग आला, तो मला समजतो. परवान्यावर कोणाचे चित्र आहे यापेक्षा आपल्याच वाटेवर कोणी परवाना मागावा, हे खरे दुखणे असावे.

आईला परवाना मिळेना, याचे कारण राजकीय नव्हते. तिची दोन नावे होती. तोर्श्याच्या नोंदवहीत, पोर्तुगीज वर्णलेखनात, 'श' च्या जागी तिकडच्या रीतीचे 'एक्स' घालून लिहिलेली ती शेवंती, अमक्याची मुलगी. आणि आमच्या बाजूच्या कागदांत ती जानकी, अमक्याची बायको. लग्नात तांदळावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहून ते बदलणे हा आपल्याकडचा संस्कार. पण त्या तांदळांची नक्कल कोणत्याही दप्तरात ठेवलेली नसते. जिल्ह्याच्या एका कचेरीतील कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून वडिलांना सांगितले की आजी आजारी आहे हे शेवंतीचे कारण झाले, आणि अर्ज तर जानकीचा आहे. तेव्हा या दोन बायका एकच असल्याचा पुरावा आणावा. वडील पंचनामे, पाटलाचा दाखला, भटजीचे निवेदन घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिले. तो कारकून वाईट माणूस नसेल. पण इतकी वर्षे उलटल्यावरही मला त्याच्याविषयी क्षमाभाव उत्पन्न होत नाही, आणि तो उत्पन्न व्हावा असा प्रयत्नही मी केलेला नाही.

परवाना आला तो आजीचे दिवस चालू असताना. आई, मी आणि सामानाची एक वळकटी असे आम्ही नाक्यावर उभे राहिलो. पलीकडच्या बाजूस टेबलाशी बसलेला पोलीस गोरा पाखलो नव्हता. तो तोर्श्याच्या शेजारवाड्यावरचा, आईला लहानपणापासून आक्का म्हणणारा. त्याने मान वर न करता विचारले, "नांव?" आईने दोन्ही नावे सांगितली. मग तिने, जणू काही ती भाकरी मागायला त्यांच्या दारी उभी आहे अशा स्वरात, त्याला विचारले, "तुजी आवय बरी आसा मरे?" तो बोलला नाही. शिक्क्याची गादी वाळली होती; त्याने रबरी शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर दोनदा वाफ सोडली आणि कागदावर तो इतक्या हलक्या हाताने दाबला की अर्धे वर्तुळच उमटले. पुढे कितीतरी वेळा मी ते अर्धे वर्तुळ पाहिले, कारण आईने तो परवाना पांडवप्रतापाच्या पानांत ठेवला होता. माघारी येताना ती एकच वाक्य बोलली, "माजां म्हायार थंय, आनि ह्यो माकाच इचारता नांव."

वर्षा-दोन वर्षांत नाका उठला. केंद्र सरकारच्या 28 मार्च 1962 रोजी निघालेल्या नागरिकत्वाच्या हुकमाने गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांनाही, 20 डिसेंबर 1961 पासून भारताचे नागरिक ठरविले. ज्यांना नको असेल त्यांनी महिन्याच्या मुदतीत लेखी कळवावे, अशी सवड होती. त्या हुकमाच्या शब्दांचा हट्टाने अर्थ लावला तर बांद्यात जन्मून आधीच भारतीय असलेला मी आईच्या जोरावर दुसऱ्यांदा भारतीय झालो. आईने ही मुदत कधी ऐकलीही नसेल. पण रेमेदियुस मोंतेरो नावाच्या एका धर्मगुरूने ती ऐकली, लेखी कळवून पोर्तुगीज राहणे पसंत केले, आणि मग राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही आपल्याच जन्मभूमीत राहिल्याबद्दल परदेशी म्हणून त्याच्यावर खटला झाला. 1969 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिनिव्हा करारांचा त्याचा आधार अमान्य करून अपील फेटाळले. त्याच वर्षाच्या जानेवारीत, सांगलीहून गोव्यात मराठी शिकवायला आलेले आणि मुक्तिलढ्यात पकडले गेलेले मोहन रानडे लिस्बनच्या तुरुंगातून सुटले होते. गोवा मोकळा होऊन सात वर्षे झाल्यावरही ते तेथे कैदेत होते. हे दोन प्रसंग मी कधीच एका वाक्यात बसवू शकलेलो नाही, आणि कोणी बसविले तर मला संशय येतो.

मामेभावाचे काम करणारा एजंट म्हापशाला एका बेकरीच्या माडीवर बसतो. मामेभावासोबत मी एकदा तेथे गेलो होतो. पावाच्या वासात जन्मदाखले, आपोस्तिलचे चिकटविलेले कागद, पोर्तुगीज भाषांतरे आणि आपले आयुष्य कोणा पितरांनी कसे लिहिले हे कळण्याची वाट पाहणारी माणसे. त्याने मामेभावाच्या बायकोचे कागद उलथून सांगितले, "वहिनींची दोन नावं आहेत. एकच व्यक्ती असल्याबद्दल अफिडेविट लागेल." माझ्या कानशिलात रक्त चढले. त्याला वाटले मला खर्चाची चिंता आहे; म्हणून तो मवाळ होऊन म्हणाला, "काका, तुमच्या आईचा जन्म पेडण्यातला ना? तिचा दाखला काढला तर तुमच्या मुलांचंही बघता येईल." मी त्याला काही बोललो नाही. परंतु ज्या नोंदीने तिला मरणाऱ्या आईपर्यंत पोहोचू दिले नाही, त्याच नोंदीला आज बाजारात भाव आहे, हे कळल्यावर मला आनंद व्हावा की तिटकारा यावा याचा निर्णय मी अजून केलेला नाही. माझ्या थोरल्याने तर हा निर्णय लवकर करावा असे मला दोनदा सुचविले आहे.

मामेभाऊ आता स्वतःच्या घरात परदेशी आहे. लिस्बनच्या नोंदीनंतरही भारतीय पासपोर्ट वापरल्याचे ठरले की तो परत न घेता रद्दच करीत, आणि पासपोर्ट परत केल्याचा दाखला नसल्याने परदेशी झालेल्या भारतीयाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डाची वाट बंद होई. 2024 च्या एप्रिलमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा हुकूमही चालेल असे मानले, तेव्हा हा मनुष्य सुटला. आता त्याला मतदान करता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वडिलोपार्जित काजूची बाग राखता येईल. घरामागच्या सड्यावर मोप्याचा विमानतळ झाला आहे. ज्या कातळावर मामाची गुरे चरत, तेथे आता आगमन-निर्गमनाचे काउंटर आहेत, आणि मागल्या खेपेस त्याचा मुलगा, सून व नात तेथे उतरली तेव्हा मुलगा पोर्तुगीज, सून अजून भारतीय आणि नात ब्रिटिश असल्याने तिघांच्या हातांत तीन देशांचे पासपोर्ट होते. बाहेर आजोबा हात हलवीत उभा. तो स्वतः त्या काउंटरवरून कधी गेलेला नाही. पोर्तुगालला जाण्याचा विचारही नाही. "गाडी चुकली तर तिथे विचारायचं कोणाला?" असे त्याचे म्हणणे.

तरीही त्याला आपण उपटले गेलो असे वाटत नाही, याचे मला नवल वाटे. त्याचे कारण मला त्या चतुर्थीतच कळले. दुपारी देवस्थानाचा माणूस पालखीच्या मानाची यादी घेऊन आला आणि मामेभाऊ महाजन म्हणून सहीस बसला. गोव्यातील देवळांचा कारभार 1933 सालच्या पोर्तुगीज नियमावलीप्रमाणे महाजनांकडे असतो. घराण्याघराण्यांची नावे वहीत चढली, आणि ती वही अजून चालते. पंचायतीच्या मतदारयादीतून त्याचे नाव उडाले, दिल्लीने त्याला परका म्हटले, लिस्बनने आपला म्हटले. देवाच्या वहीत मात्र तो होता तेथेच आहे. मी ती वही मागून घेतली. मामाचे नाव होते, मामाच्या बापाचे होते, मामेभावाचे आणि स्विंडनच्या मुलाचेही होते. आईचे नव्हते. मुलींची नावे त्या वहीत घालीत नाहीत. पोर्तुगीज दिवाणी कायद्याने तिला बापाच्या मिळकतीत जो वाटा दिला होता, त्याची हक्कसोड मात्र तिच्याकडून सही घेऊन करविली होती, आणि ती सही 'शेवंती' अशीच होती, कोणी पुरावा मागितला नव्हता.

मी मामेभावाला म्हणालो, नाव घालायला काय हरकत आहे? तो वही माझ्या हातातून घेत, अगदी गंभीरपणे म्हणाला, "हरकत कसली? समितीकडे अर्ज कर. पण अर्जदार महाजन असावा लागतो."

"मग तू कर."

"मी करीन रे. पण नाव कुठलं घालू? कागदावर एकच चालतं."