काजळीच्या जाती

वाशीच्या एपीएमसीतून निघणारा फ्लॉवरचा पाला, कोबीची पानं आणि नासका कांदा बायोगॅसच्या टाकीत गेला की त्यातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन वायूत उतरतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत अशा वायूपासून हायड्रोजन काढताना सगळी चिंता निकेलच्या कॅटॅलिस्टची असते.

बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. ८०० अंशांच्या आसपास निकेलवर दोघांची प्रक्रिया होते आणि हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळतात. मिथेनला पुरेल एवढा डायऑक्साइड मात्र नसतो, आणि उरलेल्या मिथेनचा कार्बन निकेलवर बसू लागतो. तापमान ७०० च्या खाली आलं तर मोनॉक्साइडही कार्बन टाकतो. म्हणून प्लांट थंड करताना आधी बायोगॅस बंद करून नायट्रोजन सोडायचा, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

कार्बनची ही काजळी सगळी सारखी नसते. एक निकेलवर थर धरते. तिच्यामुळे रूपांतर घटतं आणि ते लगेच कळतं. दुसरी तंतूंची. कार्बन निकेलच्या कणात विरघळतो, पलीकडच्या बाजूने तंतू होऊन वाढतो आणि कणाला आधारावरून उचलतो. टोकावरचा तो कण उघडाच असतो, काम करत राहतो. आकडे उत्तम येतात, आणि आत कॅटॅलिस्टच्या गोळ्या फुटून त्यांचा थर, म्हणजे बेड, तुंबत असतो. त्यामुळे माझी नजर आधी बेडमधून जाताना वायूचा दाब किती घटतो, त्या प्रेशर ड्रॉपवर जाते. पातळ हवेने कार्बन जाळता येतो, पण उखडलेलं निकेल जागेवर परतत नाही. जळण्याच्या उष्णतेने उरलेले कणही एकमेकांना चिकटून मोठे होतात.

गंधकाची गंमत वेगळी. ते निकेलवर बसून त्याची जागा अडवतं. काजळी धरायला निकेलची सलग मोकळी जागा लागते, मुख्य प्रक्रियेला त्याहून कमी पुरते. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीने मोजकं गंधक देऊन ती सलग जागा अडवायची पद्धत विकसित केली. सुंदर कल्पना! पण तिला गंधकाचं प्रमाण स्थिर हवं, आणि बाजाराचा कचरा रोज वेगळा. आज कांदा, उद्या पालेभाजी. म्हणून मी गंधक झिंक ऑक्साइडवर पूर्ण काढतो आणि काजळी टाळायला वायूत वाफ मिसळतो. त्या वाफेसाठी थोडा बायोगॅस जाळावा लागतो, हायड्रोजन तेवढा कमी मिळतो. बेड टिकत असेल तर मला ते चालतं.