मोबदल्याचा रकाना

डोंबिवली (पूर्व)

ती. ताईस,


‘तूच ठरव, मला काय कळतंय त्यातलं,’ असं फोनवर म्हणून तू मोकळी झालीस आणि मला अडकवलंस. घर मी ठेवणार, तुझा हिस्सा मीच देणार. म्हणजे भाव जितका खाली, तितका माझा फायदा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! म्हणून नुसता आकडा न कळवता सगळा हिशेब लिहितोय.

नाक्यावरचा एजंट चाळीस लाख सांगतो. मागायला काय जातं? प्रत्यक्षात किती दिले, ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या सूची क्रमांक दोनमध्ये दिसतं. तीत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. गंमत म्हणजे तो ‘बाजारभाव’ बाजारातला नव्हेच. मुद्रांक शुल्कासाठी रेडी रेकनरवरून काढलेली ती किंमत. आपण बघायचं मोबदल्याकडे.

आपलं घर कार्पेट ३६० फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार दस्त सापडले.

पहिला आपल्याच इमारतीतला, पहिला मजला, माप तेच, चौदा महिन्यांपूर्वी ३४ लाख. मधल्या काळाचे चार टक्के वाढवले, दोन जिने जास्त म्हणून पाच टक्के कापले: ३३.६ लाख.

दुसरा मागच्या गल्लीतला, ५४० फूट, ४१.४ लाख. इथे मी फसणार होतो. ते ५४० बिल्ट-अप होते; १.२ ने भागल्यावर कार्पेट ४५० आलं आणि दर ७,६६७ नव्हे, ९,२०० निघाला. आपल्या मापाला ३३ लाख.

तिसरा लिफ्टवाल्या इमारतीतला, कार्पेट ४०० फूट, ४२ लाख. आपल्या मापाला ३७.८ येतात, लिफ्टचे दहा टक्के वजा केले की ३४.

चौथ्यात दर सगळ्यांत कमी, पण घेणार-देणाऱ्याचं आडनाव एकच. घरातल्या घरात झालेला व्यवहार म्हणून तो बाजूला ठेवला. ठेवताना हात जड झाला, हे कबूल करतो.

आणखी एक कबुली. पहिल्या बैठकीत मी जिन्यांचे दहा टक्के कापले आणि मधल्या काळाची वाढ धरायचं ‘विसरलो’. पहिल्या दस्तावरून ३०.६ लाख आले. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, तरी तुझ्या हिश्शातले दीड लाख नुसत्या पेन्सिलीने उडाले होते. जिन्याला पाच की दहा, हे कुठल्याच दस्तात लिहिलेलं नसतं; आपला लोभ नेमका तिथेच जाऊन बसतो.

उद्या इमारत पुनर्विकासाला जाईल, त्याचे वेगळे धरायचे का, असं तू विचारशील. पहिल्या दस्तातल्या माणसाने ती आशाही मोजूनच ३४ दिले असणार. ती पुन्हा मिळवली तर दोनदा धरल्यासारखी होईल.

तर ३३ ते ३४ लाख. याहून नेमका आकडा सांगणारा माणूस एकतर विकणारा असेल, नाहीतर माझ्यासारखा घेणारा. भावजींना चारही सूची दाखव. वाटलं तर तुझ्या पसंतीचा नोंदणीकृत मूल्यांकनकार नेम. फी मी देईन, पण त्याला मी भेटणार नाही.

हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांनी दिलाय. मोबदल्याची जागा कोरी ठेवलीय. ती तू भर.

तुझा,
धाकटा