पाठभेद

पाठभेद हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो एम. ए.च्या वर्गात. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती, शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेले तिचे शुद्धीकरण, मूळ पाठ कोणता आणि मागाहून शिरलेला कोणता, अशी चर्चा चालली होती आणि आम्ही ती परीक्षेपुरती टिपून घेतली. त्या शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने अंगाशी आला तो फार उशिरा, गेल्या पावसाळ्यात. तेव्हा आम्ही एका जुन्या व्हिडिओ गेमचे झाकण उघडून, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो होतो. साहित्याच्या अभ्यासकांपुढे असला विषय मांडताना संकोच वाटतो खरा. परंतु संहिता, वाचक आणि त्या दोहोंच्या मध्ये उभा असलेला पहारेकरी हा विषय आपलाच आहे, असे वाटल्यावरून हे धाडस.

ते यंत्र म्हणजे सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह. जपानमध्ये ते १९८८ साली निघाले, पुढल्या वर्षी 'जेनेसिस' हे नाव धारण करून अमेरिकेत गेले आणि १९९० मध्ये युरोपात पोचले. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ते १९९२ साली आले ते मामांच्या सामानातून. मामा जर्मनीत नोकरीला होते. तिथली आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल, त्यामुळे आमच्या रंगीत टीव्हीवर ते मुकाट्याने चालले. सोबत एकच कॅसेट होती, सॉनिक द हेजहॉग. (त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला तेव्हा सगळेच कॅसेट म्हणत, आम्हीही तेच म्हणणार.) दादा चौदा वर्षांचा, आम्ही दहा. या लेखातले 'आम्ही' हे लेखनाच्या संकेतापुरते आहे. त्या दिवसांतले 'आम्ही' मात्र खरोखरीच बहुवचनी होते.

दुसरी कॅसेट आली ती १९९४ मध्ये. शेजारच्या काकूंचा मुलगा बोटीवर होता. त्याची बोट कोबेला लागली असताना त्याने दादासाठी एक कॅसेट घेतली. वर जपानी अक्षरे, तीन झुंजार माणसांचे चित्र. ती आमच्या यंत्रात जाईना. जपानी कॅसेटच्या कडा निराळ्या घडणीच्या होत्या आणि आमच्या यंत्राची खाच युरोपी मापाची. दादाने एका रविवारी कानस आणून खाचेच्या कडेवर दोन हात मारले आणि तो थांबला. "मोडलं तर?" एवढेच तो म्हणाला. मामांनी दिलेली वस्तू, बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून महाग. ती कॅसेट पुन्हा खोक्यात गेली ती कायमची. आपण एवढे तास घालवतो त्या यंत्राचे दार एका बाजूने बंद आहे, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. वर्षश्राद्धानंतर माळा आवरताना वहिनींनी ते खोके पुढे केले. "भावजी, हे तुम्हीच न्या. मला यातलं काही कळत नाही आणि टाकवतही नाही." खोक्यात यंत्र होते, सॉनिक होता आणि तीस वर्षे एकदाही न चाललेली ती जपानी कॅसेट होती.

प्रदेशाचे कुलूप ही कल्पना पुस्तकवाल्यांना अपरिचित नाही. इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्तीवर, ही प्रत अमुक देशांतच विक्रीसाठी, अशी ओळ आपण नेहमी पाहतो. अशाच स्वस्त परदेशी आवृत्त्या अमेरिकेत विकणाऱ्या कर्टसेंग या थाई विद्यार्थ्यावर वायली प्रकाशनाने दावा लावला, तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. पण पुस्तकाची मनाई ही नुसती छापील ओळ असते. चुकीच्या देशात नेलेले पुस्तक उघडत नाही, असे कधी होत नाही. यंत्राचे तसे नाही. डीव्हीडीने जगाचे प्रदेश पाडले आणि भारताला पाचवा क्रमांक दिला. प्लेस्टेशनच्या तबकडीत प्रदेशाची खूण अशा रीतीने कोरलेली असे की साध्या नकलेत ती उतरतच नसे. इथे मनाई वाचकाला सांगितली जात नाही; ती वाचण्याच्या साधनातच बसवलेली असते.

मेगा ड्राइव्हची रचना त्या मानाने भाबडी. लॅमिंग्टन रोडवरून दोन लहान स्विच, थोडी बारीक वायर आणि सोल्डर आणले, झाकणाचे स्क्रू काढले आणि पाहतो तो काय, हिरव्या बोर्डावर जोडण्याच्या चार जागा, शेजारी क्रमांक छापलेले. जपान, अमेरिका, युरोप या सगळ्यांसाठी मूळ आराखडा बहुतांशी एकच. कोणत्या जागी जोड द्यायचा आणि कोणती मोकळी सोडायची, एवढ्यावर यंत्राचे राष्ट्रीयत्व ठरते. यातली एक जोडी प्रदेश सांगते, दुसरी चित्राची गती. खेळ सुरू होताना यंत्राला विचारू शकतो, तू कुठला? या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत, देशी आणि परदेशी. देशी म्हणजे जपानी. उरलेले सारे जग, जर्मनीतले मामा आणि डोंबिवलीतले आम्ही धरून, परदेशी. उत्तर मनाजोगे नसेल तर पुढच्या काळातले काही खेळ एक ओळीची सूचना दाखवून तिथेच थांबत.

काम असे. कारखान्यात दिलेला जोड तोडायचा, त्या जागेवरून एक वायर स्विचच्या मधल्या पायाला न्यायची आणि स्विचच्या दोन बाजूंना एकीकडे पाच व्होल्ट, दुसरीकडे ग्राउंड द्यायचे. असे दोनदा. सांगायला सोपे, पण पहिली रेघ चाकूने तोडताना आमचा हात कापला नाही एवढेच, थरथरला मात्र चांगलाच. दादाने तीस वर्षे जपलेल्या वस्तूवर आम्ही सुरी चालवीत होतो आणि "मोडलं तर?" हा प्रश्न आता आम्हांला विचारणारे कोणी नव्हते. शेवटी कानस घेतली आणि खाच रुंद केली. कडेवर त्याने मारलेले दोन ओरखडे होते, तिथूनच सुरुवात केली.

जपानी कॅसेट आत बसली. प्रदेशाचा स्विच युरोपवरच होता. पडद्यावर नाव आले ते इंग्रजीत, 'स्ट्रीट्स ऑफ रेज'. आम्ही चमकलो. वेष्टनावर जपानी नाव होते, 'बेअर नकल'. बंद करून स्विच जपानकडे फिरवला, पुन्हा सुरू केले, तेव्हा ते नाव आले आणि त्याखालचा मजकूरही जपानी झाला. १९९१ सालच्या या खेळाच्या एकाच कॅसेटमध्ये दोन्ही नावे, दोन्ही भाषा होत्या. यंत्र जसे उत्तर देईल तसा खेळ आपला मुखवटा निवडी. ऑथेल्लोला आपल्याकडे झुंझारराव व्हावे लागले, त्यासाठी देवलांना लेखणी उचलावी लागली. इथे ऑथेल्लो आणि झुंझारराव एकाच जिल्दीत बसून वाचक कुठला आहे याची वाट पाहत होते.

याचा दुसरा अर्थ ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्या खेळाला कुलूप नव्हतेच. १९९४ च्या त्या रविवारी तो आमच्या यंत्रात सुरू झाला असता, तोही आम्हांला वाचता येईल अशा भाषेत. स्विचची गरज नव्हती, सोल्डरची नव्हती. मध्ये होते ते केवळ काही मिलिमीटर प्लॅस्टिक आणि कानशीचे आणखी दहा हात. त्या रात्री पुढे खेळवेना.

सॉनिकची गोष्ट याहून निराळी. पाल पद्धतीत चित्र सेकंदाला ५० वेळा उमटते, जपान-अमेरिकेत ६० वेळा. त्या काळातले खेळ आपली पावले चित्राच्या ठोक्यावर मोजत. युरोपसाठी हिशेब नव्याने मांडण्याचे कष्ट पुष्कळदा घेतले जात नसत, आणि सॉनिकच्या बाबतीत ते घेतले गेले नव्हते. परिणामी आमचा सॉनिक, ज्याची सारी कीर्ती वेगाबद्दल, तो पाच षष्ठांश गतीने धावे. जिथे एक मिनिट लागायचे तिथे एक मिनिट बारा सेकंद. संगीतही त्याच प्रमाणात संथ आणि खालच्या ठोक्यात. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधले चित्र किंचित चेपलेले. यातले काहीही आम्हांला कधी खटकले नाही, कारण तुलनेला दुसरी प्रत नव्हती. आम्ही त्या पट्ट्यांनाही खेळाचाच भाग समजत होतो.

गतीचा स्विच ६० वर नेला आणि पट्ट्या मिटल्या, सॉनिक उंच झाला, सारे झपाट्याने पळू लागले. हाच मूळ पाठ यात संशय नाही. मासातो नाकामुरा यांची चाल ज्या गतीने बांधली गेली ती हीच. आमचा पुतण्या, वय वर्षे तेरा, संगणकावर याच गतीने खेळत आलेला. त्याला दाखवावे म्हणून आम्ही ते यंत्र वहिनींकडे घेऊन गेलो. तो मजेत खेळत होता. मग जुना पाठ ऐकवावा म्हणून आम्ही चालू खेळातच बटण ५० वर आणले. तो हसला. "काका, हे असं रडकं का वाजतंय?" आम्ही त्याला गणित समजावून सांगू लागलो, एवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून पीठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"हे कुठे लागलंय? हे तर ह्यांचं दाढी करतानाचं गाणं."

त्यांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता. गेली दहा मिनिटे तीच चाल मूळ गतीने वाजत होती, तेव्हा त्यांच्या कानांनी ती ओळखली नव्हती. दादा आयुष्यभर गुणगुणला तो पाच षष्ठांश पाठ, आणि त्यांच्याकडे आला तो तोच.

पाठचिकित्सेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. प्रती शुद्ध व्हाव्यात, मूळ गती कळावी, बंद खाचा रुंद व्हाव्यात, आणि शक्य तर तीस वर्षे आधी व्हाव्यात. वाचकाला कोणती प्रत मिळणार हे दुसऱ्याने त्याच्या मागे ठरवावे, याचा राग आम्हांला आजही येतो. पण ज्याला सदोष प्रतच मिळाली त्याने वाचले नाही, असे म्हणता येत नाही. त्याने त्या दोषासकट वाचले, जीव लावला, पुढे दिले. संशोधित आवृत्तीच्या तळटीपेत त्या वाचनाला कोठे जागा द्यायची, हे वर्गात कोणी सांगितले नव्हते. आम्हीही विद्यार्थ्यांना आजवर सांगितलेले नाही. असो.

यंत्र आता वहिनींकडेच असते. पुतण्या खेळतो तेव्हा बटण साठावर असते. आई घरात असली की तो काही न बोलता ते पन्नासावर आणतो.