न धरलेले दिवस

मार्च महिन्यातले बारा दिवस मी तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमध्ये दर तीन तासांनी द्राक्षं तोलत होते. रात्री बारालाही, पहाटे तीनलाही. एम.टेक.च्या प्रबंधाचं काम. सोबत वर्गमैत्रीण होती, झोप आळीपाळीनं. तास-ए-गणेश जातीचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढले की सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. तशी दोन किलो द्राक्षं मी जाळीच्या एका चौकटीवर पसरली होती. बाराव्या दिवशी काट्यावर ४८० ग्रॅम भरली. वहीत ९७ नोंदी झाल्या.

सातव्या-आठव्या दिवशी आभाळ भरून आलं. शेडचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, वर बघून म्हणाले, "पोरी, ह्ये दोन दीस धरू नकोस." मी हसून मान हलवली आणि दोन्ही दिवसांच्या नोंदी केल्या. शास्त्रात दिवस वगळून कसं चालेल?

परत आल्यावर आकडे आर या प्रणालीत भरले. वाळवणीसाठी पेजचं समीकरण घ्यायचं ठरलं होतं. पेज यांनी ते १९४९ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात, मक्याचे दाणे वाळवताना मांडलं. ओलावा वेळेनुसार घातांकी वेगानं उतरतो. 'के' हा त्या उताराचा वेग आणि 'एन' हा वेळेच्या डोक्यावरचा घात. हे दोन आकडे संगणकानं शोधायचे. त्यासाठी त्याला सुरुवातीचा अंदाज द्यावा लागतो. मी दोन्हींना १ दिला आणि बटण दाबलं. उत्तर आलं: सिंग्युलर ग्रेडियंट.

दोन दिवस मी त्या दोन शब्दांशी भांडले. चूक माझीच होती. वेळ मी मिनिटांत भरला होता. 'के' १ धरला तर पहिल्या तोलाच्या वेळी, म्हणजे १८० मिनिटांनी, समीकरणाच्या मते द्राक्षं केव्हाच खडखडीत वाळलेली. पुढची प्रत्येक किंमत शून्य. अंदाज जरासा हलवला तरी शून्यच. उतार शोधत निघालेल्या माणसाला चहूकडे सपाट माळ दिसावा, तशी त्या प्रोग्रॅमची गत झाली होती.

माझ्या मार्गदर्शक सरांनी मार्ग सांगितला. ओलाव्याच्या गुणोत्तराचा, म्हणजे उरलेला ओलावा भागिले सुरुवातीचा, लॉग घे, चिन्ह बदल, पुन्हा लॉग घे आणि वेळेच्या लॉगसमोर मांड. वाकडी रेघ सरळ होते. तिचा चढ म्हणजे 'एन', आणि ती अक्षाला जिथे छेदते तिथून 'के' काढता येतो. "पण हे उत्तर म्हणून लिहू नकोस," ते म्हणाले. "शेवटी ओलावा थोडा उरतो, तिथली ग्रॅमभर चूकही लॉगमध्ये मोठी होते. इथून फक्त सुरुवात कर." वेळ तासांत केला, अंदाज त्या रेघेवरून दिला आणि क्षणात उत्तर आलं. 'एन' १.१, 'के' ०.००६. दिवसांत मोजलं असतं तर हाच 'के' ०.२ झाला असता, कारण त्याचं एकक 'एन'लाच बांधलेलं. दोन शेडचे 'के' शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते मी तोवर बिनधास्त वाचले होते.

आर-वर्ग, म्हणजे वक्र नोंदींशी किती जुळतो त्याचं माप, ०.९९च्या वर होता. वक्र ठिपक्यांमधून इतका देखणा गेला होता की मी त्याची छापील प्रत घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती पाहिलीही नाही. "उरलेलं दाखव."

उरलेलं म्हणजे प्रत्यक्ष नोंद वजा वक्राची किंमत. ते काढून वेळेसमोर मांडलं आणि पडद्यावर लाट उभी राहिली. रोज पहाटे ठिपके शून्याच्या वर, रोज संध्याकाळी खाली. सातव्या-आठव्या दिवशी सगळी लाटच वर उचललेली. चुका इकडेतिकडे विखुरल्या असत्या तर मी काट्याला दोष दिला असता. या चुका घड्याळ लावून येत होत्या.

पेजच्या समीकरणात प्रत्येक तास सारखा असतो. वाळवणयंत्रात तो असतोही. शेडमध्ये दुपारी दोनचा तास वेगळा आणि पहाटे चारचा वेगळा. रात्रीची दमट हवा पाणी ओढतच नाही, एकदोन पहाटे तर वजन दोनचार ग्रॅमनं वाढलेलं होतं. तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी माझ्याकडे होत्या. त्यांवरून हवा अजून किती बाष्प घेऊ शकते, ती तूट प्रत्येक तासाला काढली, तिची बेरीज करत गेले आणि तासांच्या जागी ती बेरीज आडव्या अक्षावर ठेवली. समीकरण तेच, द्राक्षं तीच. लाट बरीचशी बसली. आभाळाचे दोन दिवस नव्या अक्षावर जेमतेम बोटभर जागेत मावले.

त्या बोटभर जागेकडे बघताना अण्णा आठवले.

पुढच्या मोसमात पुन्हा शेडवर गेले. एका रॅककडे बोट दाखवून विचारलं, "अण्णा, ह्याला किती दिवस झाले?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "झालं तेरा. धरायचं अकरा."

या वेळी मी वहीत दोन्ही आकडे लिहिले.