समझौत्यावर आईची सही होती

बालाघाट जिल्ह्यात जमिनीचे जुने कागद उघडले की अनेक घरांत मालगुजारी निघते. आमच्या पणजोबांकडे एका गावाची मालगुजारी होती. 1951 मध्ये मालगुजारी पद्धतच संपली आणि ती गेली, पण घरची, स्वतः कसायची सीर-खुदकाश्त शेती राहिली. पुढे ती आजोबांच्या दोन मुलांकडे, म्हणजे मोठे बाबा आणि माझे वडील यांच्याकडे आली. 2007 मध्ये वडील वारले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. 2009 मध्ये मोठ्या बाबांनी वाटणीचा दावा लावला आणि काही महिन्यांतच तो समझौत्याने मिटला. वैनगंगेच्या कालव्याचं पाणी पोचतं त्या धानाच्या बांध्या आणि वारासिवनी रस्त्यालगतचा तुकडा त्यांच्याकडे गेला. आम्हा मायलेकींच्या वाट्याला वाड्यातल्या दोन खोल्या आणि पाऊस चांगला झाला तरच पिकणारं बरड रान. वडिलांचा हिस्सा मात्र निम्मा होता.

हे मला कळलं विसाव्या वर्षी. सोसायटीत धान विकायची नोंदणी करायला खसऱ्याची नक्कल लागली आणि पटवाऱ्याने काढून दिलेल्या कागदावर आमच्या नावासमोर जेमतेम काही डिसमिल जमीन दिसली. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘कोर्टातून झालं आहे बाई ते. त्याला आता कोण हात लावणार?’’

गावातही हेच म्हणत. ज्यांना थोडं कळायचं ते सांगायचे, जबलपूरला हायकोर्टात अपील कर. कुणी म्हणे, नवा दावा टाक. दोन्ही वाटा कायद्याने बंद आहेत, हे आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) प्रमाणे संमतीने झालेल्या डिक्रीवर अपील चालत नाही. आदेश 23, नियम 3-क म्हणतो, की मुळातली तडजोड बेकायदेशीर होती म्हणून डिक्री रद्द करा, असा वेगळा दावा लावता येत नाही. मग जायचं कुठे? ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली त्याच न्यायालयात, त्याच जुन्या प्रकरणात अर्ज द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये पुष्पादेवी भगत यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. वकिलांनी आणखी एक बजावलं: अज्ञानपणाची सवलत अठरा पूर्ण झाल्यावर फार तर तीन वर्षं पुरते. माझ्या हातात वर्षभराहून थोडा कमी वेळ होता.

अभिलेखागारातून जुनी फाइल निघाली. मी ती वकिलांच्या टेबलावर पानापानाने वाचली. प्रतिवादींच्या यादीत आईनंतर माझं नाव होतं आणि त्यापुढे ‘अवयस्क, द्वारा वली माता’ असं लिहिलेलं. समझौत्याच्या अर्जाखाली आईची सही दोनदा होती, एकदा स्वतःची आणि एकदा माझ्या वतीने. आदेशपत्रिकेवर त्या पेशीच्या मोजून चार ओळी: पक्षकार हजर, समझौता वाचून दाखवला, मान्य आहे, त्यानुसार डिक्री. वकिलांनी पुढचं-मागचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, ‘‘परवानगीचा अर्ज कुठे आहे?’’

तो नव्हताच. आदेश 32, नियम 7 प्रमाणे अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची स्पष्ट परवानगी हवी आणि ती कामकाजात नोंदलेली हवी. 1976 च्या दुरुस्तीनंतर पालकाचं शपथपत्र लागतं. मुलाच्या बाजूने वकील असेल तर ही तडजोड मुलाच्या हिताची आहे, असं त्याचं प्रमाणपत्रही लागतं. हे नसेल तर तडजोड त्या मुलाला नाकारता येते. समोरच्यांना मात्र त्याच कारणाने ती मोडता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीकडे कुणीतरी वेगळं बघावं, एवढंच कायद्याने मागितलं होतं. चार ओळींत तेवढीही जागा कुणी ठेवली नाही, याचा राग मला आजही येतो.

अर्ज दिल्यावर घराचे दोन भाग झाले. मोठी आई सणाला बोलवेनाशी झाली. समोरच्या वकिलांचा मुद्दा साधा होता: सही आईची आहे, आईपेक्षा मुलीचं हित कुणाला कळणार? म्हणून आईला साक्षीला उभं राहावं लागलं. मला सगळ्यात जास्त त्याचंच ओझं होतं, कारण आमची केस म्हणजे एका अर्थी तिच्याच सहीवरचा आक्षेप होता. उलटतपासात विचारलं, सही तुमचीच? ती म्हणाली, हो. हिंदी वाचता येतं? येतं. मग वाचून सही केली ना? आई थांबली आणि म्हणाली, ‘‘वाचायला दिलंच नाही. पोरीचं लग्न आम्ही करू, तू सही कर, असं म्हणाले. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती साहेब, मी कुणाशी भांडणार होते?’’ सगळं उत्तर तिने मान वर ठेवून दिलं.

न्यायालयाने परवानगीची नोंद नसल्याचं मान्य केलं, माझ्यापुरती तडजोड रद्द केली आणि वाटणीचा दावा पुन्हा जिवंत झाला. रस्त्यालगतचा तुकडा तोवर विकला गेला होता, त्यामुळे खरेदीदारालाही पक्षकार करावं लागलं आणि बरीच वर्षं त्यातच गेली. आता हिश्श्यांची प्राथमिक डिक्री झाली आहे. सारा भरणारी शेतजमीन असल्याने प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचं काम कलम 54 प्रमाणे कलेक्टरमार्फत, म्हणजे तहसील आणि पटवाऱ्याच्या साखळीतून होईल. मोठे बाबा आता थकले आहेत. त्यांच्याशी माझं वैर नाही, पण बांध्या मी सोडणार नाही.

तुमच्या लहानपणी घरात असा समझौता झाला असेल, तर फक्त डिक्रीची नक्कल घेऊन थांबू नका. त्या पेशीची आदेशपत्रिका आणि सोबतचे सगळे अर्ज काढा, आणि एकविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत ते वकिलाला दाखवा.