पायाला हात लावण्याआधी

शिंदे घाटावर सगळ्यांसारखा मीही रत्नेश्वराचं कललेलं देऊळ बघत बसलो. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधला. दगडी बांधकाम इतकं जड झालं की खालचा पाया खचला आणि घाट नदीत बसला.

त्या रविवारी माझ्या डोक्यात दुसराच पाया होता. आदल्या रात्री माझ्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवायचं म्हणून बायोसमध्ये शिरलो आणि सिक्युअर बूट बंद केलं. मग विंडोज उघडायला गेलो, तर निळा पडदा : बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की द्या. ती कुठे ठेवली होती, आठवेना. आत दादांचं शेवटच्या वर्षातलं बोलणं होतं. दुसरी प्रत नव्हती.

घाटावर बसल्या बसल्या सुचलं : जे हलवलं, ते आधी जागेवर ठेवून बघू. बराकीत येऊन सिक्युअर बूट चालू केलं. लॅपटॉप मुकाट उघडला.

आतली टीपीएम चिप म्हणजे पक्का संतरी. सुरुवातीची खूण जुळली नाही, तर आपल्या माणसालाही आत सोडत नाही. चूक त्याची नव्हती.

त्याच रात्री की वहीत उतरवली, दादांचा आवाज बहिणीला पाठवला. आता बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करतो. आणि वही जवळ आहे ना, ते बघतो.