दोराचे अलीकडचे टोक

कुत्र्याला वास घेण्यास शिकवावे लागते, असा कुत्र्याकडून माणसाचा माग काढविण्याच्या या खेळाविषयी प्रथमच ऐकणाऱ्या बहुतेकांचा जो समज असतो, तो अगदीच निराधार होय. कारण गंधाच्या प्रांतात ज्याची हयात गेली त्याला त्या विषयाचा पाठ देण्याची सनद आपणां गंधबधिर माणसांस कोणीही दिलेली नाही. शिकवावयाचे ते एवढेच, की रानातल्या असंख्य गंधांपैकी आज आपले प्रयोजन या एका मनुष्याच्या पावलांशी आहे, आणि ती सोडून सशामागे धावण्यापेक्षा ती धरून चालण्यात अधिक लाभ आहे. प्रारंभी पावलापावलावर मांसाचा तुकडा ठेवला, आणि पुढे ते तुकडे विरळ करीत नेले, म्हणजे हा करार कुत्रा खुशीने कबूल करतो. प्रश्न उरतो तो कुत्र्यास बांधलेल्या दोराच्या अलीकडच्या, म्हणजे माणसाच्या हातातल्या, टोकाचा. आणि अमेरिकेत येऊन या छंदाच्या नादी लागल्यापासून माझ्या समजुतीत जी काही भर पडली, ती त्या टोकाविषयीच होय.

अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या माग-परीक्षेचा जाबता असा आहे: माग 440 ते 500 वार लांब, त्यात तीन ते पाच वळणे, आणि तो घालून अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतचा काळ लोटलेला. माग घालणारा मनुष्य कुत्र्यास परका. तो नकाशाबरहुकूम माळावरून चालत जातो आणि शेवटी एखादा हातमोजा किंवा पाकीट टाकून निघून जातो. आरंभी एक निशाण आणि तेथून तीस वारांवर दिशा दाखविणारे दुसरे. त्यापुढे गवत सर्वत्र सारखेच. पंच दोन असतात आणि मार्ग त्यांना ठाऊक असतो. दोर धरणाऱ्यास तो ठाऊक नसतो. येथे गुण नाहीत आणि पहिला-दुसरा क्रमांकही नाही. दोन्ही पंचांचे एकमत झाले तरच कुत्रा उत्तीर्ण, आणि त्याने माग निखालस सोडला की शिट्टी वाजून निकाल तेथल्या तेथे लागतो.

आता माग म्हणजे तरी काय? चालत्या माणसाच्या अंगावरून अखंड झडणारे त्वचेचे सूक्ष्म कण, आणि त्याच्या टाचेखाली चिरडलेल्या गवताचा व हललेल्या मातीचा वास, या दोहोंचे ते मिश्रण होय. दवाच्या ओलाव्यात ते टिकते, कडक उन्हात व कोरड्या जमिनीवर विरते, आणि वाऱ्याने मूळ रेषेपासून बाजूस सरकते. पावलांची दिशा ओळखण्याचे कुत्र्याचे सामर्थ्य तर थक्क करणारे आहे: नॉर्वेतील संशोधकांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले, की अवघ्या दोन ते पाच पावलांचे ठसे हुंगून कुत्री माणूस कोणीकडे गेला हे ठरवीत होती. असे असता वळणावर कुत्रा चार पावले पुढे जातो, मान वर करतो, घोटाळतो आणि फेर धरतो, ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे. गंध संपला ही वार्ता तो आपल्याला देत असतो. शेपटीची ढब बदलते, चाल मंदावते, आणि पतंग उडविणाऱ्याच्या बोटांना मांज्यातून जसा वारा कळतो तसा हा संशय दोरातून हाताला कळतो.

परंतु दोरातून वार्ता उलट दिशेनेही जाते, आणि खरी मेख तेथे आहे. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा एक घोडा खूर आपटून गणिते सोडवी. ऑस्कर फुंग्स्ट याने 1907 साली दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असेल तेव्हाच घोड्याचे उत्तर बरोबर येई, कारण विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत होणारी हालचाल तो टिपत असे. सरावाचा माग ज्याने स्वतः घातला, त्याची गत त्या विचारणाऱ्याहून निराळी नाही. वळण जवळ आले की त्याचे पाऊल आपसूक जड होते, मूठ आवळते, दोर किंचित ताणला जातो. आणि कुत्रा, जो आपल्या मुठीचाही अभ्यास नित्य करीत असतो, मागचा मनुष्य अडखळला की वळावे, हा निराळाच धडा गिरवू लागतो. असा कुत्रा सरावात बिनचूक असतो आणि परीक्षेत पहिल्याच वळणावर निराधार होतो, कारण ज्याच्याकडून तो उत्तर घेत आला त्याच्याजवळ त्या दिवशी उत्तरच नसते.

यावर उपाय एकच: कुत्र्याची समज पक्की होताच माग दुसऱ्याने घालावा आणि आपण अजाण होऊन चालावे. सोबत येणाऱ्या जाणत्या मित्रासही ताकीद द्यावी, की त्याने वळणावर थबकू नये, उलट अधूनमधून मुद्दाम पुढे निघून जावे. त्याचे थांबणे आपल्या कानांवर पडते आणि तेथून दोरात उतरते. नियमाने कुत्र्यामागे किमान वीस फूट राहावयाचे असते. ते अंतर कुत्र्याच्या अखत्यारीची हद्द आहे असे मानावे. पुढच्या परीक्षेत माग 800 ते 1000 वारांचा आणि तीन ते पाच तासांचा जुना असतो, त्यास परक्यांच्या पावलांचे छेदही दिलेले असतात. तेथे निर्णय आपल्या हाती घेण्याचा मोह सर्वांत प्रबळ होतो, आणि तो ज्यास आवरत नाही त्याने त्या परीक्षेच्या वाटेस जाऊ नये.

उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी पदवी कुत्र्याच्या नावापुढे लागते, धन्याच्या नव्हे. आणि हा दस्तूर मला सर्वथा न्याय्य वाटतो.